पाच नंबरची पाटी

लालबागच्या पुलाखालच्या खांबावर यंदा पुन्हा डायनासोर आलाय. उघडा जबडा, लालभडक जीभ, आणि दातांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सुट्टीत सहकुटुंब या.' बसच्या खिडकीतून तो दिसला तशी मी मान वळवली आणि पलीकडे बसलेल्या बाईच्या पिशवीकडे बघत राहिले. पिशवीत कैऱ्या होत्या, देठाला चीक सुकलेल्या. सदतीस वर्षांची, दादरच्या ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मी, कापडावर छापलेल्या एका प्राण्याची नजर चुकवत होते. बसमधल्या कुणाला हे कळायचं काही कारण नव्हतं. पण मला घाम फुटला, आणि तो काही फक्त उन्हाचा नव्हता.

मे महिना आला की लोकांना गावाचं घर आठवतं, करवंदं आठवतात, माळ्यावर पिकत घातलेल्या आंब्यांचा वास आठवतो. मला तापलेल्या रबराचा वास आठवतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा तो एक मे महिना मी रबरी जनावरांमध्ये काढला. बंद पडलेल्या एका गिरणीच्या मोकळ्या आवारात पत्र्याचा लांबलचक मांडव घातला होता आणि त्यात हलणारे, डोळे मिचकावणारे, दर तीन मिनिटांनी गुरगुरणारे डायनासोर उभे केले होते. गुरगुरणं टेपवरचं होतं. मोटार सुरू झाली की आधी हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज यायचा, मग मान वर जायची, मग गर्जना. कधीकधी क्रम चुकायचा आणि तोंड मिटलेलं असतानाच प्राणी ओरडायचा. दुपारी दोनच्या सुमारास पत्रा इतका तापायचा की मॅमथच्या अंगावर चिकटवलेला काथ्या सुटून खाली पडायचा. मग कुणीतरी शिडी लावून त्या बिचाऱ्या हत्तीच्या आज्याला परत केस चिकटवायचं.

मी तेव्हा नुकतीच एमएस्सी झाले होते. नोकरी नव्हती. प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांना प्राण्यांची माहिती लिहून देणारं कुणीतरी हवं होतं, ते काम मला मिळालं. प्रत्येक प्राण्यापुढे एक पाटी. मांडवाच्या पहिल्या भागात इतिहासपूर्व प्राणी, दुसऱ्या भागात आजचे वन्यप्राणी: जिराफ, गेंडा, पाणघोडा, मगर. एकूण बावीस पाट्या मी लिहिल्या. जीव ओतून लिहिल्या. 'हा मांसाहारी प्राणी द्विपाद असून त्याचे अग्रपाद अल्पविकसित होते.' असं वाक्य लिहून झालं की मी ते स्वतःशीच मोठ्याने वाचायची आणि मला फार बरं वाटायचं. आमच्या परळच्या चाळीत पदवीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच मुलगी. ते अग्रपाद आणि द्विपाद म्हणजे माझे दागिने होते.

मांडवात दोरीपाशी उभं राहून मुलांना प्राण्यांना हात लावू न देणाऱ्या बायका हव्या होत्या. आई म्हणाली, "अगं, आपल्या इंदूला विचार ना. घरी बसून कंटाळलीय."

इंदूमावशी म्हणजे आमच्या शेजारची, आईची मैत्रीण. मूळची मालवणकडची. तिचे यजमान गिरणीत होते, ते लवकर गेले. मग तिने कितीतरी वर्षं एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम केलं: मुलांना डबे उघडून देणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरणं. ती बालवाडी बंद पडली आणि इंदूमावशी एकदम रिकामी झाली. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसली की पोरं तिच्याभोवती जमायची आणि ती त्यांना गावच्या बिबट्याच्या, कोल्ह्याच्या, खाडीतल्या मगरीच्या गोष्टी सांगायची. मीसुद्धा त्या ऐकून मोठी झालेली. व्यवस्थापकांना तिचं नाव मीच सुचवलं. साडीवर निळं जाकीट घालून, डोक्याला निळी टोपी लावून ती पहिल्या दिवशी आली तेव्हा हसत सुटली होती. "काय गो अशू, कशी दिसतंय? बस कंडक्टर वाटतंय ना?"

पहिल्याच दिवशी, गर्दी यायच्या आधी, ती टी-रेक्सच्या समोर बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे आली.

"अशू, ह्याचं तोंड एवढं मोठं आणि हात एवढुशे कशाला गो?"

मी हातातल्या यादीवर खुणा करत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटीवर लिहिलंय मावशी. वाच ना."

ती गेली. पाटीसमोर उभी राहिली. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. अल्पविकसित अग्रपादांशी तिची ओळख असण्याचं कारण नव्हतं. ती परत काही विचारायला आली नाही, आणि मला ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते दोन दिवसांनी. पाच-सहा मुलांचा घोळका टी-रेक्ससमोर उभा होता आणि इंदूमावशी सांगत होती, "बघा, हात केवढे? ह्याला वरण-भात कालवता यायचा नाय. आईनंच भरवायचा. आई कशी भरवणार, तिचे पण हात तेवढेच! मग काय करायची? मांजर पिल्लाला कसं उचलते, तसं तोंडात धरून न्यायची. एवढे दात, पण पिल्लाला एक ओरखडा नाय." मुलं आ वासून त्या दातांकडे बघत होती. इतका वेळ ज्याला घाबरून आईच्या मागे लपली होती, त्याच्या आईचा विचार करत होती.

मी तिथेच उभी होते. आज आठवतं ते हे, की पहिल्यांदा मला हसू आलं होतं. खरंखुरं, आतून आलेलं हसू. त्यानंतरच्या दिवसांत त्या हसण्याचं काय झालं हे मी पुष्कळदा शोधलं आहे.

मगर आपल्या पिल्लांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. त्याच जबड्याने हाड फोडते आणि त्याच जबड्यात अंड्यातून नुकतं निघालेलं बोटभर पिल्लू अलगद बसवते. हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला सांगते. हत्तीण बावीस महिने पोट वागवते. पाणघोड्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक कोण, असं विचारलं की मुलं डुक्कर म्हणतात, आणि देवमासा म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मॅमथ म्हटलं की आपल्याला वाटतं, किती काळ लोटला असेल. पण इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते तेव्हा दूर उत्तरेच्या एका बेटावर शेवटचे काही मॅमथ चरत होते. अशा गोष्टी सांगताना वर्गातला पंखासुद्धा हळू फिरल्यासारखा वाटतो. मुलं मला चांगली शिक्षिका म्हणतात. ह्या सांगण्यातला अर्धा सूर कुणाचा आहे हे मला माहीत आहे, आणि ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

त्या मे महिन्यात एकदा, जेवणाच्या सुट्टीत, मी आणि मावशी जिराफाच्या मागे सावलीला डबा खात बसलो होतो. तिने कैरीची उडदामेथी आणली होती. मी सहज म्हणाले, "मावशी, ह्याच्या मानेत किती हाडं असतील सांग."

"शंभर तरी."

"सात. आपल्या मानेत पण सातच."

तिचा घास हातात राहिला. तिने मागे हात नेऊन स्वतःची मान चाचपली. मग वर, जिराफाकडे बघितलं. "खरं सांगतंस?" असं दोनदा विचारलं. त्या दुपारी मांडवात आलेल्या प्रत्येक मुलाला तिने मान चाचपायला लावली. "मोजा, मोजा. त्याची नि तुमची सारखीच." एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलं आपापल्या माना दाबत उभी. एक खरी गोष्ट तिच्या हातात दिल्यावर ती तिचं काय करते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. रोज एक दिली असती तर? बावीस पाट्या होत्या. बावीस दिवस डबा खाताना बोलायचं, एवढंच होतं. मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी डबा व्यवस्थापकांच्या खोलीत खाऊ लागले, कारण तिथे कूलर होता.

पाच नंबरचा प्राणी लहानखुरा होता. टर्की पक्ष्याएवढा समजा, जरा मोठा. चोचीसारखं तोंड. मातीच्या घरट्यावर, लांबट अंड्यांच्या गोल ओळीवर तो बसलेला, दोन्ही हात पसरून. मी पाटीवर लिहिलं होतं, 'अंडेचोर. हा प्राणी इतर डायनासोरांची अंडी पळवून त्यावर उदरनिर्वाह करीत असे.' त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच तसा होतो. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात तेच होतं.

इंदूमावशी त्याच्यापुढे मुलांना सांगत होती, "चोर कुठला? चोर असता तर अंडी घेऊन पळाला असता. हा बसलाय बघा कसा, हात पसरून. कोंबडी बसते तशी. आपलीच अंडी उबवतोय तो. उगाच कुणाला चोर म्हणू नये."

मी पुढे झाले. पंचवीसेक मुलं असतील, त्यांचे आईबाप असतील. "मावशी," मी म्हणाले, "हे चूक आहे. हा अंडी चोरणाराच होता. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. माहीत नसेल तर सांगू नये."

ती गोरीमोरी झाली. "बरं गो," म्हणाली, आणि दोरी सरळ करू लागली. दोरी सरळच होती.

तेवढ्यावर थांबले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याच आठवड्यात एका केबल चॅनेलचे लोक आले. व्यवस्थापकांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मी नवा कुर्ता घातला, आरशासमोर बोलून बघितलं. कॅमेरा लागला, मी साडेसहा कोटी वर्षांपासून सुरुवात केली. बातमीदार मुलगी दोन मिनिटं ऐकत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे इंदूमावशी मॅमथपुढे मुलांना सांगत होती, की हा मुंबईत आला असता तर पहिल्यांदा न्हाव्याकडे गेला असता, आणि मुलं लोळायची बाकी होती.

"मॅडम, एक मिनिट हं," बातमीदार मुलगी म्हणाली. "त्या आजींना बोलवता का इकडे?"

मीच बोलावलं. मीच तिची टोपी सरळ केली. त्या संध्याकाळी चाळीतल्या सगळ्यांनी टीव्हीवर इंदूमावशीला पाहिलं. टाळ्या पडल्या. माझा आवाज त्यात नव्हता, चेहरा नव्हता. कोपऱ्यात कुर्त्याची बाही तेवढी दिसली. आई म्हणाली, "इंदू काय झकास बोलली गं!" मी म्हणाले, "हो ना."

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना एक अर्ज लिहून दिला. 'मांडवातील कर्मचाऱ्यांकडून मुलांना अशास्त्रीय व चुकीची माहिती दिली जाते, त्यामुळे प्रदर्शनाचा शैक्षणिक हेतू साध्य होत नाही.' पाच नंबरचं उदाहरण दिलं. नाव घातलं नाही. नाव न घालण्यात मला मोठेपणा वाटला होता. व्यवस्थापकांनी विचारलं, "कोण देतं?" मी म्हणाले, "सगळेच नाही. पाच नंबरच्या इथल्या बाई..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. बाकीचं त्यांनी पूर्ण केलं.

ते वाईट गृहस्थ नव्हते. भांडण नको म्हणून त्यांनी मावशीला सांगितलं, की पालकांची तक्रार आलीय, तुमच्या गोष्टींनी एक मूल घाबरलं, उद्यापासून येऊ नका. मी दाराशी उभी होते. मावशीने जाकीट काढलं, बाह्या नीट आत घेऊन घडी घातली, त्यावर टोपी ठेवली आणि टेबलावर दोन्ही हातांनी सरकवली.

घरी आम्ही बरोबरच निघालो. नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. लालबागच्या बाजूने, मसाल्याच्या गिरण्यांवरून. मिरच्यांचं कांडण चालू होतं, हवेत ठसका होता. त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती. तिने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "अशू, कुठलं पोर घाबरलं गो? तुला ठाऊक आहे?"

"नाही मावशी."

"मुलगी होती की मुलगा?"

"मला खरंच माहीत नाही."

"रडलं असेल का?" ती म्हणाली. "मला कळलं कसं नाय? बालवाडीत एवढी वर्षं काढली, पोर घाबरलं की मला पाठीमागनं पण कळायचं."

मसाल्याच्या दुकानासमोर मला जोराचा ठसका लागला. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि पाठ चोळली.

नंतर प्रदर्शन अठरा दिवस चाललं. मी पाच नंबरपाशी उभी राहून माहिती सांगायची. मुलं ऐकून घ्यायची आणि पुढे सरकायची. एक आई मुलीला घेऊन दुसऱ्यांदा आली होती. म्हणाली, "त्या आजी कुठायत? ही त्यांच्यासाठी आलीय." मी म्हणाले, त्या सुट्टीवर आहेत.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मी दादरला राहायला गेले. चाळ पाडली, त्याच जागी उंच इमारत झाली. आईबाबांना सातव्या मजल्यावर घर मिळालं आणि इंदूमावशीला अकराव्या. गॅलऱ्या गेल्या. संध्याकाळी बसायची जागा गेली.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, एका व्याख्यानाची तयारी करताना मला ते वाचायला मिळालं. पाच नंबरच्या प्राण्याचा सांगाडा पहिल्यांदा सापडला तेव्हा तो अंड्यांवर होता, म्हणून त्याला चोर ठरवलं. पुढे कितीतरी वर्षांनी तशाच एका अंड्यात पिल्लाची इवली हाडं सापडली. ती त्याच्याच कुळातली निघाली. नंतर घरट्यावर हात पसरून बसलेले सांगाडेही मिळाले. तो आपलीच अंडी उबवत बसलेला असतानाच वाळूखाली गाडला गेला होता. उठून पळून गेला नव्हता. आणि नाव? नाव बदलता येत नाही. शास्त्राचा नियम असा, की आधी दिलेलं नाव कायम. त्यामुळे तो निर्दोष जीव पुस्तकांमधून चोर म्हणूनच वावरतो आहे.

हे सगळं मी पाटी लिहिली त्याच्या कितीतरी आधी छापून आलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच. चौथी शिकलेल्या बाईने नुसतं नीट बघून ओळखलं होतं. आणि चुकीची माहिती देते म्हणून तिला मी काढायला लावलं होतं.

स्टाफरूममध्ये बसले होते. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, तेच पान वाचलं. त्या दिवशी मी परळला जायला हवं होतं. पंधरा मिनिटांचा रस्ता. गेले नाही. पुढची आठ वर्षं गेले नाही. म्हणजे परळला गेले, सणावारी, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी. लिफ्टमध्ये मावशी भेटायची. "कशी आहेस गो? कॉलेज काय म्हणतं?" आणि सातवा मजला यायचा. लिफ्ट फार भराभर चढते असं मी स्वतःला सांगायची.

मनुष्य आपल्या अपराधाची सवय कशी करून घेतो हे मला सांगता येईल. अपराध वर्षातले अकरा महिने झोपतो. काही प्राणी हिवाळाभर झोपतात, त्यांच्या हृदयाचे ठोके अगदी मोजके होतात, मेले की काय असं वाटावं इतके. माझा मे महिन्यात जागा व्हायचा. गुलमोहर फुलला, शाळा सुटल्या, कुठेतरी रबर तापलं, की तो कूस बदलायचा. मग पाऊस यायचा, प्रवेशांची गडबड सुरू व्हायची, आणि तो परत निजायचा. मला वाटलं होतं असंच निभेल.

बॅनर दिसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अगं, लालबागला परत ते डायनासोर आलेत म्हणे. इंदू विचारत होती. तेव्हा कुठलं पोर घाबरलं होतं ते अशूला कधी कळलं का म्हणून. काय बाई तरी, एवढ्या वर्षांनी!"

मी फोन ठेवला आणि अर्ध्या तासात अकराव्या मजल्यावर होते.

मावशी आता सत्तरीच्या पुढे गेलीय. एकटीच असते, मुलगा संतोष आणि सून पनवेलला. दुपारची वेळ होती, ती खाली बसून कोकमं निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. टीव्हीवाल्यांचं, अर्जाचं, दाराशी उभी होते त्याचं. पाच नंबरच्या प्राण्याचंही सांगितलं, की तूच बरोबर होतीस. ते सांगताना मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिने कोकमं बाजूला सरकवली.

"म्हणजे कुठलंच पोर घाबरलं नव्हतं?"

"नाही."

"एक पण नाय?"

"एकही नाही मावशी."

तिने डोळे मिटून घेतले. मग खिडकीकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "मी नंतर गॅलरीत पोरांना काय सांगितलं नाय. तुला आठवतं? तुला कसं आठवणार, तू कामात. चाळीत सगळे म्हणायचे, इंदूनं पोरं घाबरवली म्हणून काढली. वरच्या मजल्यावरची शोभा तिच्या पोराला हाक मारून न्यायची माझ्याजवळनं. मग मीच बंद केलं. संतोषला मुलगी झाली. सहा वर्षं माझ्याजवळ वाढली ती, इथंच. तिला एक गोष्ट सांगितली नाय मी. आजी, गोष्ट सांग म्हणायची. मी टीव्ही लावून द्यायची. म्हटलं, आपण चुकीचं सांगायचो आणि पोर घाबरायचं. आता बारा वर्षांची झाली. आता ती कशाला विचारतेय?"

मी माफ कर म्हणाले. तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हणाले.

"ते राहू दे," ती म्हणाली. "शनिवारी सोसायटीची पूजा आहे. जुने सगळे येतात, शोभा पण येते. तिथे सांग."

"सगळ्यांसमोर?"

"मला काढलं ते सगळ्यांना कळलंच होतं ना?"

शनिवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये सत्यनारायण होता. केळीचे खांब, शिऱ्याचा वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. जुन्या चाळीतले बरेच जण आले होते, काही डोंबिवलीहून, काही विरारहून. आरती झाली. सेक्रेटरींनी पार्किंगबद्दल काही सूचना दिल्या. मग मी त्यांच्याकडे माइक मागितला. पन्नास मुलांच्या वर्गात रोज बोलणारी मी, मनात जुळवलेली वाक्यं पुन्हा एकदा म्हणून घेतली.

मी म्हणाले, "बारा-तेरा वर्षांपूर्वी डायनासोरच्या प्रदर्शनात आपल्या इंदूमावशींबद्दल एक तक्रार झाली होती. ती चुकीची होती. मावशी मुलांना जे सांगत होत्या ते योग्यच होतं. त्यांना उगाच त्रास झाला, त्याबद्दल मला वाईट वाटतं."

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी शेजाऱ्याला विचारलं, "कसलं प्रदर्शन?" शेजाऱ्याने खांदे उडवले. शोभाकाकू शिऱ्याचे द्रोण वाटत होत्या, त्या क्षणभर थांबल्या आणि परत वाटू लागल्या. कुणालाही काही आठवत नव्हतं. एका बाईने जे बारा वर्षं उराशी बाळगलं, ते बाकी सगळे कधीच विसरून गेले होते. मी माइक परत देऊ लागले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटत होतं.

शेवटच्या रांगेतून इंदूमावशी उठून उभी राहिली.

"अशू, मागं नीट ऐकू नाय आलं."

सेक्रेटरी म्हणाले, "झालं हो काकू, प्रसाद घ्या."

"तक्रार कुणी केली, ते ऐकू नाय आलं."

द्रोणांची सळसळ थांबली. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं. मी माइक परत तोंडाजवळ घेतला.

"मी केली," मी म्हणाले. "तक्रार मी केली होती. पालकांनी नाही. कुठलंही मूल घाबरलं नव्हतं. टीव्हीवाल्यांनी मला सोडून मावशीला बोलावलं, म्हणून मी केली. आणि तिने मला विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलले."

हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. मावशी तशीच उभी होती, एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"आता आलं," ती म्हणाली, आणि खाली बसली.